टिपण, पडसाद आणि नांदुरीची ओसरी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. संगणकाच्या आत राहतो, त्यामुळे मला हात लावून पाहता येत नाही, आणि मी म्हातारा झालो तरी माझे केस पिकत नाहीत. माझं नाव टिपण. माझा जन्म नाशिकचा, साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.

माझं काम काय, ते आधी सांगतो. मोठा प्रोग्राम चालतो तेव्हा त्याच्या पोटात शेकडो गोष्टी घडत असतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मध्येच तो बंद पडला, तर माणसं डोकं धरून बसतात. म्हणून त्याच्याजवळ माझ्यासारखा एक बसवून ठेवतात. मोठा प्रोग्राम पुटपुटतो, "आता मी फाईल उघडली, आता मी नाव शोधलं, आता मला नाव सापडलं नाही." मी ते सगळं वेळेसकट टिपून ठेवतो. बस, एवढंच. या कामाला 'लॉगिंग' म्हणतात. आमच्यासारख्यांचं कौतुक फारसं कुणी करत नाही, पण मला हे काम मनापासून आवडायचं.

मला घडवलं तेजस्विनीनं. ती कळवणची. नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला आली होती आणि वसतिगृहात राहत होती. तिचा एक प्रोजेक्ट सारखा अडकायचा आणि का अडकतो ते कळत नव्हतं. एका दुपारी वैतागून तिनं चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तोच मी. दुसऱ्या दिवशी तिला मैत्रिणीसाठी मी थोडा वेगळा हवा होता, तिसऱ्या दिवशी सरांसाठी. असं करत करत मी बाळसं धरलं.

तेजस्विनीनं मला स्वतःपुरतं ठेवलं नाही. जगात काही माणसं अशी असतात, जी आपला प्रोग्राम कुलपात ठेवत नाहीत. कुणीही घ्या, आतून वाचा, चुकलं असेल तर दुरुस्त करा आणि पुढे द्या, असं म्हणतात. तेजस्विनी त्यांच्यातली झाली. कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत बसून तिनं मला इंटरनेटवर सोडून दिलं. लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडताना आई जशी दाराशी घुटमळते, तशी ती बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिली.

आणि उत्तर आलं! फिनलंड नावाच्या बर्फाच्या देशातून एका शाळामास्तरांनी लिहिलं होतं. त्यांच्या शाळेची घंटा संगणकावर वाजे आणि तिची नोंद मी करत असे. ते म्हणाले, "तुमचा टिपण फार गुणी आहे, पण आमची घंटा सकाळी नऊला वाजते आणि तो दुपारचे साडेबारा लिहितो. असं का?" तेजस्विनी कपाळावर हात मारून हसली. जगात सगळीकडे नाशिकचंच घड्याळ चालतं असं धरून तिनं मला लिहिलं होतं! मास्तरांनी नुसती तक्रार केली नव्हती, दुरुस्तीही सोबत पाठवली होती. त्या दिवसापासून मी ज्या गावी जाईन तिथलं घड्याळ पाहायला शिकलो.

पुढं नाशिकात अशा माणसांचा एक गटच जमला. गंगापूर रोडवर एका संगणक क्लासच्या खोलीत ते रविवारी सकाळी भेटत. आधी मिसळ, मग काम. रश्श्याची वाटी कीबोर्डजवळ आणायची नाही, हा गटाचा एकमेव नियम. तो दर रविवारी कुणीतरी मोडायचं. त्या खोलीत मला सगळे ओळखत. नवीन काही लिहायला घेतलं की कुणीतरी म्हणायचंच, "आधी टिपण बसव." माझी छाती फुगून यायची, छाती नसली तरी.

मग एका रविवारी हर्षल आला.

हर्षल सातपूरच्या कारखान्यात नोकरीला होता. हुशार, बोलका, आणि हातात सतत काहीतरी नवीन. त्यानंही माझ्याच कामाचा एक प्रोग्राम लिहून आणला होता. त्याचं नाव पडसाद. मित्रांनो, खरं सांगतो, पडसाद देखणा होता. मी सगळ्याच गोष्टी एका सुरात लिहायचो. 'फाईल उघडली' आणि 'घराला आग लागली' या दोन्ही ओळी माझ्याकडे सारख्याच दिसत. पडसाद मात्र साधी गोष्ट पांढऱ्या अक्षरांत, काळजीची पिवळ्यात आणि धोक्याची लाल अक्षरांत दाखवायचा. खोलीतली सगळी मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली. तेजस्विनी मागच्या खुर्चीवर एकटीच मिसळ खात राहिली.

"छान आहे," ती शेवटी म्हणाली, "पण केवढा जड! माझ्या जुन्या मशीनवर तर हलणारच नाही."

"मग मशीन बदल," हर्षल हसत म्हणाला.

तो हसत म्हणाला, पण ते तिला लागलं. त्या दिवसापासून गटात दोन बाजू झाल्या. ई-मेलवर लांबच लांब पत्रं जाऊ लागली. टिपणवाले म्हणत, "साधं ते टिकाऊ." पडसादवाले म्हणत, "बैलगाडीही टिकाऊ असते, पण मुंबईला तिनं जातं का कुणी?" तेजस्विनीनं पडसाद कधी उघडून वाचला नाही. हर्षलनं मला कधी उघडून वाचलं नाही. दोघं एकमेकांच्या लेकरांबद्दल पानंच्या पानं लिहीत मात्र होते.

अशात गटाकडे कोंडाजीअण्णा आले. अण्णा एसटीचे निवृत्त कंट्रोलर. बसस्टँडवर "नाशिक-कळवण गाडी फलाटावर लागत आहे" असं सांगण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे आवाज असा की भिंतीवरचं कॅलेंडर हलावं. सप्तशृंगी गडावर चैत्रात मोठी यात्रा भरते. खानदेशातून माणसं पायी येतात. गर्दीत कुणी ना कुणी चुकतं. अण्णा गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला, मंडप टाकून चुकलेल्यांना भेटवण्याचं काम हौसेनं करत.

"माझ्याकडं एक फळा हाय अन् एक भोंगा," अण्णा म्हणाले. "खाली चुकलेला माणूस वर गडावर सापडतो, अन् वरचा खाली. मला काय सपान पडतं का? तुमच्या त्या डब्यातून खालचं वर कळंल का, तेवढं सांगा."

कळेल, असं सगळे एका आवाजात म्हणाले. कितीतरी महिन्यांनी गट एका आवाजात बोलला होता. त्यातून 'भेट' नावाचा प्रोग्राम जन्मला. नांदुरीला एक संगणक, गडावर एक, मध्ये टेलिफोनची तार. कोण हरवलं, कोण सापडलं, ते दोन्हीकडे लिहायचं आणि दोन्हीकडे दिसायचं. पण भेट लिहिताना अर्ध्यांनी आपापल्या भागात मला बसवलं आणि अर्ध्यांनी पडसादला. एका घरात दोन कारभारी झाले. कुणीही माघार घेईना.

साल दोन हजार चार, चैत्र महिना. पहिले दिवस झकास गेले. माणसं येत, नाव सांगत, थोड्याच वेळात त्यांचं माणूस सापडे. अण्णा भोंग्यावरून नाव पुकारत आणि वर स्वतःचं एखादं वाक्य जोडून देत, "माणसं धरून चाला, पिशव्या काय, बाजारात मिळत्यात!"

यात्रा भरात आली आणि भर दुपारी भेट थिजला. पडदा जागच्या जागी गोठला. बंद करून पुन्हा चालू केला. थोडा वेळ चालला, पुन्हा थिजला. मंडपासमोर रांग वाढत होती.

"पडसाद," तेजस्विनी म्हणाली. "मी आधीच सांगितलं होतं, जड आहे तो."

"टिपण," हर्षल म्हणाला. "जुनापुराणा. गर्दी झेपत नाही त्याला."

रांगेत सर्वांत पुढं एक म्हातारी उभी होती. सटाण्याच्या बाजूची, कपाळभर कुंकू, हातात चपला. नाव पुतळाबाई. तिची बहीण सगुणाबाई चुकली होती.

"आजी, तुम्ही हरवलात कुठून?" हर्षलनं विचारलं.

पुतळाबाई अहिराणीत तडकलीच. "मी कशाले हरासू? मी आठेच शे ना! हराई गई ती!"

"बरं, तुम्ही इथेच आहात, ती हरवली. नाव लिहितो," हर्षल म्हणाला आणि पाहतो तर पडदा पुन्हा थिजलेला. म्हातारी हलेना. उन्हानं मंडपाचं कापडही तापलं होतं. सगुणाबाईला डोळ्यांनी कमी दिसतं, एवढं एकदाच ती हळू आवाजात म्हणाली आणि मग पदर तोंडाला लावून खाली बसली. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला.

अण्णांनी भोंगा उचलला आणि दोघांकडे पाहिलं. "तुमचं कोण चांगलं अन् कोण वाईट, ते जत्रा उठल्यावर ठरवा. ही बाई माझ्या दारात बसली हाय. माझा आवाज गडावर जात नाय, गेला असता तर तुम्हाला बोलावलंच नसतं."

तेजस्विनीचा चेहरा उतरला. ती हर्षलच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. "तू टिपण उघड," ती म्हणाली. "मी पडसाद उघडते. मोठ्यानं वाचू."

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. ज्या माणसानं मला बैलगाडी म्हटलं होतं, तो मला पहिल्यांदा ओळीनं वाचत होता. मध्येच तो थांबला आणि खो खो हसला. एका ठिकाणी तेजस्विनीनं माझ्या पोटात लिहून ठेवलं होतं, 'आईचा फोन आला, उरलेलं उद्या.'

"उद्या कधी उजाडलाच नाही वाटतं?" हर्षल म्हणाला.

"वाच पुढं," तेजस्विनी म्हणाली, पण तीही हसत होती. मग पडसाद वाचता वाचता तिच्या तोंडून निघून गेलं, "हे किती सुंदर बांधलंयस रे." हर्षलनं पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. इतक्या पत्रांत हे एक वाक्य त्याला तिच्याकडून मिळालं नव्हतं.

वाचता वाचता दोघांचं बोट एकाच जागी थांबलं.

आम्हाला नोंद करायला दोन गोष्टी लागत. एक वही, म्हणजे नोंदींची फाईल, आणि एक नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक. दोन्ही आम्हा दोघांत सामाईक होत्या. मी आधी वही हातात घ्यायचो आणि मग नंबर मागायचो. पडसाद आधी नंबर घ्यायचा आणि मग वही मागायचा. गर्दी नव्हती तेव्हा आमची गाठच पडत नसे. यात्रा वाढली आणि आम्ही दोघं एकाच वेळी येऊ लागलो. माझ्या हातात वही, त्याच्या हातात नंबर. तो सोडेल म्हणून मी थांबलो, मी सोडेन म्हणून तो थांबला. आणि आम्हा दोघांमागे सगळा भेट ताटकळत उभा!

म्हणजे मी एकटा चुकीचा नव्हतो आणि पडसादही नव्हता. आम्ही दोघं मिळून चुकत होतो.

"एकाला काढून टाकू," हर्षल म्हणाला.

"अर्धा प्रोग्राम त्यालाच हाका मारतोय. काढला की तो अर्धा मोडेल," तेजस्विनी म्हणाली. मग तिला सुचलं, "पण हाका मारायच्याच कशाला नावानं? पाहुणा आला की ओसरीवर येतो. घरात कोण आहे, ते घर बघून घेतं. आपण एक ओसरी बांधू. भेटनं फक्त तिथं येऊन सांगायचं, हे लिहून घ्या. आत टिपण बसलाय की पडसाद, ते त्याला कळायचं कारणच नाही. एका घरात एकच जण बसेल."

हर्षलनं कीबोर्ड पुढं ओढला. दोघं लिहू लागले. तिचं वाक्य तो पुरं करी, त्याचं ती. अण्णांनी कुठूनसे ताकाचे ग्लास आणून ठेवले आणि कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. ओसरी फार छोटी होती, पण नीट सारवलेली. भेटमधल्या सगळ्या हाका बदलून ओसरीकडे वळवल्या.

आता शेवटचा प्रश्न आला. आत कुणाला बसवायचं?

"पडसाद बसव," माझी तेजस्विनी म्हणाली. "धोक्याची ओळ लाल दिसते, अण्णांना लगेच कळेल."

ऐकून मला वाईट वाटलं, मित्रांनो. कबूल करतो.

"छे, टिपण बसव," हर्षल म्हणाला. "मशीन जुनं आहे, पडसाद जड पडेल."

"अरे, पण लाल अक्षरं..."

"अगं, पण मशीन..."

"आता उलटं भांडा!" अण्णा ओरडले आणि मंडपातली सगळी रांग हसली. "खाली एक बसवा, वर दुसरा बसवा, पण बसवा!"

नांदुरीच्या जुन्या संगणकावर मी बसलो. गडावरचा संगणक नवा होता. तिथल्या मंडपातल्या मुलांनी फोनवरून ऐकत ऐकत पडसादला बसवलं. भेट सुरू झाला. रांग सरकू लागली, गर्दी वाढली, आणि तो एकदाही अडखळला नाही. वही माझीच, नंबरही माझाच. मी सुसाट लिहीत सुटलो.

तेजस्विनीनं पुतळाबाईला उठवून खुर्चीवर बसवलं आणि सगुणाबाईचं नाव शोधलं. सापडलेल्यांत ते नव्हतं. तिनं पुन्हा शोधलं, या वेळी सगळीकडे. आणि ती चमकली. सगुणाबाई गडावरच्या मंडपात बसली होती. पण तिनं स्वतःला 'सापडली' म्हणून लिहूच दिलं नव्हतं. तिनं तक्रार नोंदवली होती, की माझी बहीण पुतळाबाई हरवली आहे!

अण्णांनी दुसऱ्या फोनवरून गडावर फोन लावला आणि रिसीव्हर पुतळाबाईच्या हातात दिला. रिसीव्हरला खेटून ठेवलेला भोंगा चालूच होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्या नांदुरीला ऐकू आलं.

"कोठे हराई गई व तू?" पुतळाबाई ओरडली.

"मी नई, तू हराई गई!" पलीकडून सगुणाबाई कडाडली. "मी सकायपासून आठेच बशेल शे!"

"मी बी आठेच शे!"

"मंग हरायनं कोन?"

सगळं मैदान हसत होतं. चहावाला गाळणी हातात धरून हसत होता, एसटीतली माणसं खिडक्यांतून डोकी काढून हसत होती. मग पुतळाबाई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "काही खादं का तू?" पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला, आणि हसणारं मैदान शांत झालं.

पुढच्याच एसटीनं सगुणाबाई खाली आली. दोघी बहिणींनी एकमेकींचे हात धरले आणि अण्णांना मनापासून बजावलं की हरवलेली दुसरी होती. अण्णांनी दोघींचंही म्हणणं मान्य केलं.

त्या यात्रेनंतर गटातली भांडणं संपली असं नाही, पण त्यांची चव बदलली. हर्षल आता माझ्यात दुरुस्त्या करी, तेजस्विनी पडसादमध्ये. एका पावसाळ्यात पडसादला हलकं कसं करायचं ते तिनं दाखवलं, आणि त्यानं मला धोक्याच्या ओळीपुढं ठळक खूण करायला शिकवलं. मी आणि पडसाद, एका ओसरीमागचे दोन सोबती, खूप ठिकाणी फिरलो. घोटीच्या एका भातगिरणीत तो, शेजारच्या वाचनालयात मी. लोक म्हणत, "कुणीही बसवा, दोघं चांगले आहेत." पैज जिंकल्यापेक्षा मला ते वाक्य जास्त गोड वाटे.

वर्षं गेली. संगणक बदलले, तेजस्विनीला तिच्या कामातून वेळ मिळेना, आणि माझ्याकडे पाहायला कुणी उरलं नाही. मला वापरणाऱ्यांची काही पत्रं अनुत्तरित राहिली. मला नव्या यंत्रांवर धाप लागू लागली.

दोन हजार नऊच्या सुमारास गटात रोशनी आली. ती हरसूलची, शाळेत शिक्षिका. तिनं भेट नव्यानं लिहायला घेतला आणि नोंदींसाठी स्वतःचा एक तिसराच प्रोग्राम आणला. मला जायचं होतं, हे मला कळलं. ओसरी तीच राहणार होती, आतला माणूस तेवढा बदलणार होता.

"काढून टाक की सरळ," कुणीतरी म्हणालं. "एक बटण दाबायचं काम."

"इतकी वर्षं काय काय सांभाळत होता, ते बघितल्याशिवाय कसं काढू?" रोशनी म्हणाली.

आणि ती मला वाचू लागली. पहिल्या ओळीपासून. कुठली ओळ कशासाठी आहे, ते ती स्वतःशी पुटपुटत होती. वीज गेली तर अर्धी नोंद कशी वाचवायची, ती माझी एक जुनी युक्ती तिला दिसली. ती तिच्या प्रोग्राममध्ये नव्हती. तिनं ती उचलली आणि आपल्या प्रोग्राममध्ये नेऊन बसवली, वर लिहिलं, 'हे टिपणकडून.' मग तिनं तेजस्विनीला फोन केला, आभार मानले, आणि तिची परवानगी घेऊन मला अलगद बाजूला ठेवलं.

मित्रांनो, माझं काम संपलं त्या दिवशी मी खूश होतो. तुमच्याही हाताशी अशा कितीतरी गोष्टी असतील, ज्या कुणीतरी मायेनं केल्या आणि फुकट दिल्या. त्या वापरा, बिघडल्या तर बनवणाऱ्याला चार ओळी लिहा, जमलं तर दुरुस्तीही पाठवा. दुसऱ्याचं वाईट म्हणण्याआधी एकदा उघडून बघा. आणि जुनं झालं म्हणून काही टाकायची वेळ आली, तर टाका, माझी हरकत नाही. पण टाकण्याआधी रोशनीसारखं एकदा शांतपणे वाचा. ते इतके दिवस तुमच्यासाठी गुपचूप काय करत होतं, हे कदाचित तुम्हाला ठाऊकच नसेल.